हान्सी

(२३ फेब्रुवारी १८७३–१० जून १९५१). आल्सास प्रांताचा चित्रकार, व्यंगचित्रकार व लेखक. मूळ नाव झां-झाक वाल्त्स. जन्म व मृत्यू कोलमार येथे. १८७१ च्या फ्रँकफर्ट तहाने आल्सास फ्रान्सकडून जर्मन साम्राज्यात गेला होता. त्यामुळे तो जन्माने जर्मन प्रजाजन ठरला. वडील आंद्रे वाल्त्स हे कोलमारचे ग्रंथपाल आणि उंटरलिंडेन संग्रहालयाचे अभिरक्षक होते.

लिआँ येथे कलाशिक्षण घेऊन परतल्यावर त्याने कापडाच्या कारखान्यांसाठी नक्षीचे नमुने काढले. चरित्रकार हा काळ एका वाक्यात उरकतात. वास्तविक त्याच्या शैलीचे मूळ तेथेच शोधावे लागते. सलग बाह्यरेषा, सपाट रंग आणि ठरावीक आकृत्यांची पुनरावृत्ती ही कापडावरील नक्षीची शिस्त त्याच्या पुस्तकांत अखेरपर्यंत दिसते. करकोचे, बदके, लाकडी सांगाड्याची घरे, काळ्या रुंद फितीचे शिरोभूषण घातलेल्या मुली आणि कपड्यांत वा फुलांत सहज पेरलेले निळा, पांढरा, लाल हे फ्रेंच ध्वजाचे तीन रंग यांतून त्याने आल्सासची दृश्यभाषा घडवली.

‘प्रोफेसर क्नाचके’ (१९०८) हे जर्मनीकरणाच्या उत्साहाने आल्सासमध्ये आलेल्या एका पढीक जर्मन शिक्षकाचे विडंबन. ते आधी जर्मन भाषेतच प्रसिद्ध झाले. १९०९ मध्ये कोलमारमधील एका जर्मन शाळाप्रमुखाच्या बदनामीबद्दल त्याला दंड झाला. मुलांसाठी लिहिलेला आल्सासचा सचित्र इतिहास (१९१२) व ‘मों व्हिलाज’ (माझे गाव, १९१३) ही पुस्तके फ्रान्समध्ये विशेष गाजली. दुसऱ्या पुस्तकात गावची शाळा, सण आणि सुट्टीतली मुले यांच्या शेजारी पोलीस व जर्मन पर्यटक हास्यास्पद रूपात येतात. त्यावरून खटला होऊन जुलै १९१४ मध्ये लाइपझिगच्या साम्राज्य न्यायालयाने त्याला एक वर्षाचा कारावास सुनावला. शिक्षा भोगण्याऐवजी तो फ्रान्समध्ये निसटला आणि महायुद्ध सुरू होताच फ्रेंच सैन्यात दाखल झाला. पुढे शत्रूच्या फळीपलीकडे टाकायच्या प्रचारपत्रकांचे काम त्याच्याकडे होते.

१९२३ पासून तो वडिलांच्या जागी उंटरलिंडेनचा अभिरक्षक झाला. आल्सासच्या कुलचिन्हांवरही त्याने ग्रंथ लिहिले. मात्र उपयोजित कलेच्या दृष्टीने दुकानांच्या पाट्या हेच त्याचे सर्वांत टिकाऊ काम मानावे लागेल. घडीव लोखंडाच्या, रंगवलेल्या आणि रस्त्यावर पुढे झुकलेल्या या पाट्यांत धंद्याची खूण दुरूनही वाचता येते. कोलमारच्या फिंकर या मांसपदार्थांच्या दुकानाची पाटी प्रसिद्ध आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्याला पुन्हा परागंदा व्हावे लागले. १९४१ मध्ये फ्रान्समधील आजाँ येथे त्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला. नंतर तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला.

त्याच्याविषयी मतभेद आहेत. आल्साससाठी जर्मन राजवट कितपत परकी होती याविषयी तेथेही एकमत नव्हते; ग्रामीण बोली जर्मानिक कुळातलीच होती. काळ्या फितीचे शिरोभूषण उत्तर आल्सासच्या काही भागांपुरते होते. त्याच्या चित्रांमुळे ते सबंध प्रांताचे चिन्ह बनले. कोलमारमध्येच वाढलेला चित्रकार तोमी उंगेरर याने त्याच्यातील जर्मनद्वेषावर टीका केली आहे. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. मात्र तो व्यंगचित्रांना जितका लागू पडतो तितका पाट्यांना पडत नाही. कोलमारमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.