खेचरांची वाट

शनिवारी सकाळी घरात बसवेना. आदल्या दिवशी ऑफिसात कळलं होतं की आम्ही दोन वर्षं रात्रीचा दिवस करून उभी केलेली सिस्टीम बंद होणार, तिच्या जागी बाहेरून विकत घेतलेली येणार. बूट चढवले आणि सरळ ग्रेट फॉल्स गाठलं.

वॉशिंग्टनच्या जवळ इथे पोटोमॅक नदी खडकांवरून धडाधड कोसळते, आणि तिच्याच कडेने चेसापीक अँड ओहायो कालवा अगदी शांत पडून असतो. एप्रिल असल्याने काठाला निळ्या ब्लूबेल्सचे ताटवे, ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवं. आपण चालतो तो टोपाथ. पूर्वी याच वाटेवरून खेचरं दोराने कालव्यातली नाव ओढत न्यायची.

इथे मैलभरात सहा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, की नाव साधारण आठ फूट वर! दारं प्रवाहाच्या उलट दिशेने टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच ती घट्ट धरून ठेवतो. ना मोटर, ना सेन्सर. असे ७४ लॉक, १८४.५ मैलांत ६०५ फूट चढ.

आता गंमत बघा. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कुदळ मारली, ती मुळात अडकली. त्यांनी कोट काढला, पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे माती निघाली. आणि त्याच दिवशी जवळच्या बाल्टिमोरला बी अँड ओ रेल्वेचा पायाचा दगड बसला! म्हणजे कालव्याला मात देणारी टेक्नॉलॉजी आणि कालवा, दोघांचा वाढदिवस एकच.

खोदायला मुख्यतः आयरिश मजूर. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यांतले कितीतरी गेले. कालवा कंबरलँडला पोचला १८५० साली, रेल्वे तिथे १८४२ मध्येच येऊन बसली होती. ओहायो नदी नावातच राहिली. (आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे इथे नाव ओढणारी खेचरं आणि तिथे इंजिन!)

तरी कोळसा वाहत तो १९२४ च्या पुरापर्यंत चालला. १८८९ च्या पुरात कंपनी बुडाली तेव्हा ताबा रेल्वेच्याच हातात गेला. १९३८ मध्ये सरकारने तो २० लाख डॉलरला विकत घेतला.

पुढे इथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून पाठिंबाही दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना चालायचं आमंत्रणच धाडलं! मार्च १९५४ मध्ये मंडळी कंबरलँडहून निघाली, आठ दिवस चालली. पूर्ण अंतर चालणारे फक्त नऊ, त्यांत डग्लस. रस्ता झाला नाही. १९७१ मध्ये नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झाला.

ज्यासाठी एवढा खटाटोप, ती मालवाहतूक संपली. उरली खेचरांची वाट, आणि तिच्यावर आज सायकली, बाबागाड्या आणि माझ्यासारखे वैतागलेले लोक. अ‍ॅडम्सना सांगितलं असतं तर पटलं असतं का?

असो. सोमवारी आमच्या सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन नीट लिहून ठेवावं म्हणतो. कोणाला त्यातलं काय उपयोगी पडेल, सांगता येत नाही.