पिचरचा सौदा : १९६४, १९८७ आणि कागदावरचे संघ

खेळाडूंच्या देवघेवीविषयी गोंयकाराला नव्याने काही सांगायला नको. साळगावकरचा खेळाडू धेंपोकडे गेला, की त्या संध्याकाळी तिंट्यावर दुसरा विषय नसायचा. कोणी फसले, कोणी फसवले, याचा निकाल सामन्याआधीच लागलेला असे! अमेरिकेत हाच वाद बेसबॉलच्या पिचरवरून शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तो नुसता गप्पांचा विषय वाटतो खरा, पण एखाद्या निर्णयाचा न्याय कसा करावा, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. म्हणून वाचकहो, आज थोडे बेसबॉल.

पिचर म्हणजे ढोबळमानाने आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये चार-पाच जण काम वाटून घेतात, तर बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या पिचरवर त्या दिवसाचा बहुतेक भार असतो आणि मग काही दिवस त्याला विश्रांती द्यावी लागते. त्याची पारख करायला 'इआरए' नावाचा एक आकडा वापरतात. नऊ इनिंगमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या, हे त्यातून कळते (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत). हा आकडा तीनच्या खाली असला तर पिचर उत्तम. पण आकडा मागचे सांगतो, आणि सौदा करायचा असतो पुढच्या वर्षांचा! शिवाय पिचरचे सगळे भांडवल एका कोपरात आणि एका खांद्यात असते. ते आतून किती झिजले आहे, हे बाहेरून दिसत नाही.

आता पहिला सौदा. १५ जून १९६४. त्या काळी हंगामातल्या अदलाबदलीची ही शेवटची तारीख असे. शिकागो कब्जने आपला तरुण खेळाडू लू ब्रॉक सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि बदल्यात अर्नी ब्रोलिओ हा पिचर घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू गेले, पण ती भरताड. ब्रोलिओने १९६० साली २१ सामने जिंकले होते. आदल्याच म्हणजे १९६३ च्या हंगामात त्याने १८ जिंकले, ८ हरले, आणि त्याचा इआरए होता २.९९. ब्रॉक पंचविशीतला, पळण्यात चपळ, पण फलंदाजीत अजून काही सिद्ध न केलेला. शिकागोच्या वर्तमानपत्रांत आनंदीआनंद झाला. आपण सेंट लुइसला टोपी घातली, असा एकंदर सूर होता.

पुढे काय झाले, ते बेसबॉलच्या प्रत्येक इतिहासात आहे. ब्रॉकने त्या हंगामातले उरलेले सामने .३४८ च्या सरासरीने खेळून काढले आणि कार्डिनल्सने त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजना ४-३ असे हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. कारकीर्द संपली तेव्हा ब्रॉकच्या नावावर ३०२३ हिट आणि ९३८ चोरलेले बेस होते. १९८५ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि ब्रोलिओ? कब्जसाठी त्याने ७ सामने जिंकले, १९ हरले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि १९६६ नंतर तो वरच्या पातळीवर दिसला नाही. 'ब्रॉकसाठी ब्रोलिओ' हे शब्द अमेरिकेत मूर्ख सौद्याचे दुसरे नाव होऊन बसले.

दुसरा सौदा १२ ऑगस्ट १९८७ चा. डेट्रॉइट टायगर्स विजेतेपदाच्या शर्यतीत होते आणि त्यांना एका पिचरची निकड होती. त्यांनी अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात खालच्या पातळीवर खेळणारा वीस वर्षांचा पोरगा दिला. त्या पोराचा त्या वर्षीचा इआरए पाचाच्या वर होता. अलेक्झांडर डेट्रॉइटसाठी ९ जिंकला आणि एकही हरला नाही. इआरए १.५३! टायगर्सनी अखेरच्या दिवशी विभागाचे विजेतेपद पटकावले. पुढच्या फेरीत मात्र ते मिनेसोटाकडून हरले आणि अलेक्झांडरच्या वाट्याला तिथे दोन पराभव आले. १९८९ नंतर तो निवृत्त झाला. जो पोरगा दिला होता, त्याचे नाव जॉन स्मोल्ट्झ. १९९६ साली सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, कारकिर्दीत २१३ विजय, वर १५४ सेव्ह, आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. गंमत म्हणजे स्मोल्ट्झ मिशिगन राज्यातच वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त!

हे दोन्ही सौदे 'वाईट सौद्यां'च्या एकाच यादीत घालण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. माझी सगळी नोकरी फायलींत गेली. तिथे दहा वर्षांपूर्वीच्या निर्णयावर आज आक्षेप काढणारा शहाणा नेहमीच भेटतो, कारण पुढे काय झाले, हे त्याला आयते ठाऊक असते. खरा हिशेब करायचा तर तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत : त्या दिवशी काय माहीत होते, काय विचारून घेता आले असते, आणि कशाची गरज होती.

डेट्रॉइटला त्या वर्षी विजेतेपद हवे होते. त्यासाठी पिचर हवा होता आणि त्यांना तो मिळाला. वीस वर्षांच्या पोराचे पुढे काय होईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. त्यांनी किंमत जबर मोजली, पण ती डोळे उघडे ठेवून मोजली. शिकागोचे तसे नाही. ब्रोलिओच्या हाताचे दुखणे सौद्याच्या आधीपासूनचे होते, हे पुढे त्याने स्वतःच सांगितले. विकत घेणाऱ्याने बघितला तो कागदावरचा आकडा. ज्या हाताने तो आकडा कमावला होता, त्या हाताची चौकशी झाली नाही. बाजारात बैल घेणारा शेतकरीसुद्धा आधी त्याचे दात मोजतो, चार पावले चालवून बघतो!

हा वाद १९८० पर्यंत प्रेक्षकांच्या तोंडी होता, पण प्रेक्षकाच्या हाती काही नव्हते. ते बदलले डॅनियल ओक्रेन्ट या लेखक-संपादकामुळे. त्याने एक खेळ रचला. मित्रांनी मिळून काल्पनिक संघ काढायचे, ठरावीक रकमेत लिलावाने खरे खेळाडू घ्यायचे आणि ते मैदानात जे करतील, त्यावर आपल्या संघाला गुण द्यायचे. ही मंडळी न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या खाणावळीत जमत, म्हणून नाव पडले 'रोटिसरी लीग'. पुढे रूढ झालेल्या नियमांत २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू घ्यायचे असतात, आणि त्यांत ९ पिचर. आपल्याकडे फँटसी क्रिकेट म्हणून जे माहीत झाले, त्याचे मूळ इथे आहे.

आता प्रत्येक जण सौदागर झाला. माझा पिचर घे, तुझा फलंदाज दे, यावर रात्री जागू लागल्या. सौदा एकतर्फी वाटला तर बाकीच्या मालकांनी मत देऊन तो रद्द करायचा, अशी पद्धतही अनेक लीगमध्ये आली. त्यातून वेगळेच भांडण उभे राहिले : दोघांनी संगनमत केले म्हणून सौदा मोडायचा, की आपल्याला तो मूर्खपणाचा वाटतो म्हणून? पहिले न्याय्य आहे. दुसऱ्यात मात्र आपलेच भाकीत खरे, असे गृहीत धरलेले असते, आणि १९६४ साली सारे शिकागो तसेच धरून बसले होते.

या खेळाने ज्ञानात भरही घातली. पिचर दर इनिंगमागे किती हिट आणि किती वॉक देतो, हा आज सर्रास वापरला जाणारा आकडा ओक्रेन्टनेच आपल्या लीगसाठी बनवला. २००१ साली व्होरोस मॅक्रॅकन याने त्याहून धक्कादायक गोष्ट मांडली. तो काही कुठल्या संघाचा अधिकारी नव्हता, फँटसी बेसबॉलसाठी पिचर कसे निवडावेत, हे शोधता शोधता तो तिथे पोहोचला. फलंदाजाला बाद करणारे स्ट्राइकआउट, फुकट दिलेले वॉक आणि होमरन हे बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असते. पण मैदानात पडणाऱ्या चेंडूची हिट होते की नाही, हे फारसे त्याच्या हातात नसते. तिथे क्षेत्ररक्षक आणि नशीब यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे सौद्यात आपण जे विकत घेतो, त्यात पिचरचे स्वतःचे किती आणि उसने किती, हे वेगळे काढता येते. पुढे संशोधकांनी या सिद्धांतात दुरुस्त्या केल्या, पण पिचरकडे बघण्याची दृष्टी कायमची बदलली.

कागदावरच्या संघात एक गोष्ट मात्र येत नाही. ब्रोलिओचा जुना सहकारी कर्ट फ्लड याला १९६९ साली कार्डिनल्सने फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. माणूस म्हणजे मालमत्ता नव्हे, अशी भूमिका घेऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५-३ ने हरला. पण वाट मोकळी झाली ती डिसेंबर १९७५ मध्ये. लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला, की करार संपून एक वर्ष खेळल्यावर खेळाडू मोकळा. ज्या दोघांसाठी हा निकाल लागला, ते अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली, दोघेही पिचरच!

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला होता. जॉन परतला आणि आपल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने त्यानंतर मिळवले. ब्रोलिओच्या वेळी ही सोय नव्हती. २०१९ मध्ये तो वारला, २०२० मध्ये ब्रॉक. दोघांची नावे मात्र एकमेकांना कायमची चिकटली आहेत. ब्रोलिओचा त्यात दोष तो काय? सौदा त्याने केला नव्हता. दुखऱ्या हाताने, जिथे पाठवले तिथे जाऊन तो चेंडू टाकत राहिला. त्या सौद्याला खुशाल हसावे, त्या माणसाला हसू नये.