महालक्ष्मी (ज्येष्ठागौरी)

महालक्ष्मी हा भाद्रपद शुद्ध पक्षातील तीन दिवसांचा देवीपूजनाचा सण आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडसह विदर्भ व मराठवाड्यात तो याच नावाने, तर पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणून ओळखला जातो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. त्यामुळे तिथी दरवर्षी बदलू शकते.

ज्येष्ठा व कनिष्ठा या दोन बहिणी माहेरवाशिणी मानल्या जातात. उंबरठ्यापासून काढलेली पावले त्यांच्या आगमनाचे प्रतीक होत. मुखवट्यांखालील कोठ्यांत अनेक घरी धान्य भरतात. म्हणजे देवीचा देहच धान्याचा असतो. पुराणांतील ज्येष्ठा मात्र लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी होय. एरवी घराबाहेर ठेवली जाणारी ही देवता येथे धाकटीच्या बरोबरीने पूजली जाते, हे लक्षणीय आहे. सोळा ही संख्या शुभ मानतात. नैवेद्यात पुरणपोळी व आंबिलीसोबत सोळा भाज्या असतात.