इंग्रजी बोलीत दडलेली देवळाली

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला पुस्तकी इंग्रजी उत्तम येत असते. तो अडतो तो तिथल्या माणसांच्या रोजच्या गप्पांपाशी. ऑस्ट्रेलियात शेजारी बसलेला सहकारी म्हणतो, 'एक डेको घे'. इंग्लंडात एखाद्या वृद्धाविषयी कानी पडते, 'तो डूलॅली झाला'. नवखा पाहुणा गोंधळतो. वास्तविक 'डेको' म्हणजे हिंदुस्थानीतले 'देखो'. आणि 'डूलॅली', म्हणजे डोके ठिकाणावर नसलेला, ही नाशिकशेजारची आपली देवळाली!

एका गावाचे नाव वेडाला कसे चिकटले, हे समजण्यासाठी ब्रिटिश फौजेच्या वेळापत्रकाकडे पाहावे लागते.

देवळालीची छावणी १८६१ सालची. १८६५ मध्ये कसारा घाटातून लोहमार्ग इगतपुरीपर्यंत पोहोचला आणि मुंबई बंदर जवळ आले. हवा कोरडी व थंड. त्यामुळे विलायतेहून आलेल्या पलटणी येथे उतरत, आणि सेवेची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. मात्र फौजी जहाजे बारमाही नसत. पावसाळा सरल्यावर त्यांचा हंगाम सुरू होई आणि उन्हाळ्यापूर्वी संपे. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याच्या नशिबी महिनोन्‌महिने छावणी.

या शिपायांना ना हत्यार, ना नेमून दिलेले काम. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानातील आठवणींत या रिकाम्या दिवसांचे वर्णन केले आहे: वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेली माणसे घरी निघण्याच्या तोंडावर गुन्हे करून तुरुंगात गेली, कित्येकांनी रोग जडवून घेतले. वागणे बिघडलेल्या अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला, असे बराकीत म्हणत.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द निघाला, असे अनेकदा सांगितले जाते. मला ते उत्तर घाईचे वाटते. मूळ शब्दप्रयोगातले 'टॅप' पाहा: फारसी-उर्दूतला 'तप', संस्कृत-मराठीतला 'ताप'. शिपाई इस्पितळाचे नव्हे, ज्वराचे नाव घेत होते, देवळालीचा ताप. मलेरियासारखाच एक, फक्त डासांऐवजी प्रतीक्षेने होणारा. कालांतराने 'टॅप' गळाले आणि उरले नुसते गाव. तेही ओळखू न येण्याजोगे, कारण 'ळ' इंग्रजांच्या जिभेला वळत नाही आणि मधला 'व' तर त्यांनी पार गिळला.

ही बराकीची भाषा केवळ गोऱ्या शिपायांपुरती राहिली नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून आलेल्या लष्करी परिचारिकांनी हिंदुस्थानातील इस्पितळांत काम केले, त्यांत देवळालीही होती. आज मेलबर्नला जाणाऱ्या नाशिककराची जी अवस्था होते, तीच त्यांची झाली असणार! चहाला 'चार', सुखाच्या कामाला 'कुशी' (आपली 'खुशी'), आणि मायदेशाला 'ब्लायटी', म्हणजे 'विलायती'चा अपभ्रंश. जखमी शिपाई ज्या 'ब्लायटी'ची आस धरी, तो शब्द मुळात परक्या मुलखासाठीचा. त्याला स्वतःच्या घरासाठी जे नाव सापडले, ते आपण त्याच्या घराला परदेश म्हणून दिलेले होते.

उलट दिशेचा व्यवहारही झाला. न्यू साउथ वेल्समधून फौजेसाठी येणाऱ्या घोड्यांना हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी 'वेलर' म्हटले आणि तो शब्द पुढे ऑस्ट्रेलियानेच आपलासा केला.

१९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने देवळालीच्या छावणीत घडणारी एक विनोदी मालिका दाखवली. तोवर इंग्लंडात हा शब्द इतका घरचा झाला होता की त्यामागे खरेखुरे गाव आहे, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. त्या गावात आज भारतीय सैन्याचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मुंबईहून नाशिकरोडला येणाऱ्या गाडीला त्याआधी देवळाली स्थानक लागते.