ट्रकचे एअर ब्रेक कसे चालतात? हवा संपली तर काय होते?

सिग्नलवर शेजारी उभ्या असलेल्या ट्रकमधून अचानक ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा आवाज असतो एअर ब्रेकमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा. मानवतच्या कापसाच्या गाठी घेऊन एमएच २२ पासिंगचा ट्रक मुंबईकडे निघतो, तेव्हा त्याचा सगळा भरवसा या हवेवर असतो. परभणी जिल्ह्यातला रस्ता बहुतांशी सपाट आहे. पण हाच राष्ट्रीय महामार्ग ६१ पुढे माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो, आणि तिथे ब्रेकची खरी परीक्षा होते.

हवाच का?

कारचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पण दहा टायरच्या ट्रकचे मालासह वजन २८.५ टनांपर्यंत असू शकते. एवढे वजन थांबवायला लागणारे बळ दाबलेल्या हवेतून सहज मिळते. शिवाय तेल गळाले तर संपते, हवा मात्र कॉम्प्रेसर पुन्हा भरतो.

ब्रेक लागतो कसा?

१. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो. ड्रायर तिच्यातला ओलावा काढतो.
२. ही हवा टाक्यांमध्ये साधारण ८ ते १० बार दाबाने साठते. कारच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे ही हवा त्याच्या चौपट दाबाची.
३. चालकाने पेडल दाबले की हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते. गॅरेजमध्ये याला ‘बूस्टर’ म्हणतात.
४. बूस्टरचा दांडा पुढे सरकतो आणि लायनर फिरत्या ड्रमवर घासून चाक थांबते.
५. पेडल सोडले की हवा बाहेर पडते. तोच ‘फुस्स’ आवाज.

हवा गेली तर?

अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात एक उणीव होती: नळी तुटली की ब्रेक गेले. १८७२ च्या सुधारित रचनेत त्यांनी हे उलटे केले. नळीतला दाब गेला की ब्रेक आपोआप लागू लागले.

आजच्या ट्रकमध्ये हेच काम स्प्रिंग करते. मागच्या चाकांच्या बूस्टरमध्ये एक जाड स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला आवळून धरतो. दाब फार कमी झाला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. हँडब्रेकही असाच चालतो. त्याआधी केबिनमध्ये इशारा देणारा दिवा किंवा बझर सुरू होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी हवेचे मार्गही वेगळे असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा काम करतो.

मग ब्रेक फेल का होतात?

बऱ्याचदा हवा असते, पण ड्रम तापलेला असतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही कमी होते. स्प्रिंगही त्याच लायनरला त्याच ड्रमवर दाबत असल्याने तिचाही फारसा उपयोग होत नाही.

दुसरे कारण म्हणजे डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणे. मग कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेक दाबावा तशी टाकीतली हवा घटत जाते. इंजिनाचा रोध मिळत नाही, पॉवर स्टिअरिंगही जड होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला चर्चा ब्रेक फेलची होती. प्राथमिक तपासात मात्र चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे समोर आले.

चालकांनी काय करावे?

- दाब पुरेसा झाल्याशिवाय गाडी हलवू नये.
- टाक्यांमध्ये साचलेले पाणी नियमित काढावे.
- लायनर, नळ्या आणि ड्रममधले अंतर तपासून घ्यावे.
- घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा.
- उतारावर न्यूट्रल कधीही नाही.

आणि आपण?

हवा चाकापर्यंत पोहोचायला क्षणभर वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक अर्ध्या सेकंदात ८ मीटर पुढे जातो, तेही ब्रेक लागण्याआधी. म्हणून दुचाकी किंवा कार ट्रकच्या अगदी पुढ्यात घालू नका. चालकाने ब्रेक दाबलेला असेल, तरी ट्रक तुमच्यापर्यंत येऊ शकतो.