‘प्रशिक्षणार्थी’ कोणाला म्हणावे? : म्हैसूरच्या घटनेतून पुढे आलेला कायद्याचा प्रश्न

म्हैसूर येथील इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रातून ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तीनशेहून अधिक नवपदवीधरांना सेवामुक्त करण्यात आले. तीन वेळा संधी देऊनही हे प्रशिक्षणार्थी अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकले नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले. ही कामगार कपात होती की केवळ प्रशिक्षणाची समाप्ती, यावर त्यानंतर बराच वाद झाला. या वादाच्या मुळाशी ‘प्रशिक्षणार्थी’ हा एकच शब्द होता. नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणांना आणि त्यांची नेमणूक करणाऱ्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना या शब्दाचा कायदेशीर अर्थ ठाऊक असणे आवश्यक आहे.

घटनाक्रम

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिसचे निवासी प्रशिक्षण केंद्र असून देशभरातील अभियांत्रिकी पदवीधर तेथे प्राथमिक प्रशिक्षणासाठी येतात. केंद्राच्या दुसऱ्या विस्तृत इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २००९ मध्ये झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवामुक्त झालेल्यांपैकी अनेकांची निवड २०२२ मध्येच झाली होती. प्रत्यक्षात ते सुमारे दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, २०२४ च्या उत्तरार्धात रुजू झाले होते.

पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाकडे तक्रार केली. सेवामुक्त झालेल्यांची संख्या सुमारे ७०० असल्याचा या संघटनेचा दावा होता. उत्तीर्ण न झाल्यास सेवेत राहता येणार नाही ही अट नेमणुकीच्या करारातच नमूद आहे आणि ही पद्धत दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे, अशी भूमिका कंपनीने मांडली. केंद्रीय मंत्रालयाने कर्नाटकाच्या कामगार आयुक्तांना प्रकरणात लक्ष घालण्यास कळविले. त्यानुसार राज्याच्या कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या संकुलांना भेट देऊन चौकशी केली. सेवामुक्त झालेले तरुण नियमित कर्मचारी नसून प्रशिक्षणार्थी होते आणि त्यामुळे कामगार कायद्यांचा भंग आढळला नाही, असे विभागाचे मत असल्याचे वृत्त फेब्रुवारीच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. एप्रिल २०२५ मध्येही काही प्रशिक्षणार्थींना सेवामुक्त करण्यात आले. त्यांना एक महिन्याचे सानुग्रह वेतन देऊ करण्यात आले होते.

तीन वेगवेगळे वर्ग

कार्यालयीन व्यवहारात ‘ट्रेनी’, ‘अप्रेंटिस’ आणि ‘प्रोबेशनर’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे तीन वर्ग वेगळे आहेत.

पहिला वर्ग शिकाऊ उमेदवारांचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. उमेदवाराला वेतन नव्हे, तर विद्यावेतन मिळते. या अधिनियमाच्या कलम १८ नुसार असा उमेदवार ‘कामगार’ नसून ‘प्रशिक्षणार्थी’ असतो आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही, करारात तशी अट नसल्यास, मालकावर नसते. मात्र मुदतीपूर्वी करार रद्द करावयाचा झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे अर्ज करावा लागतो.

दुसरा वर्ग परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांचा. हा कर्मचारी रिक्त पदावर नेमलेला असतो व त्याला पूर्ण वेतन मिळते. त्याचे काम समाधानकारक आहे की नाही, हे ठरेपर्यंत त्याला कायम केले जात नाही. काम असमाधानकारक ठरल्यास त्याची सेवा संपविता येते. परंतु आदेशात गैरवर्तनाचा ठपका असेल, तर त्यापूर्वी चौकशी करून त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

तिसरा वर्ग कंपनीच्या स्वतःच्या योजनेखालील प्रशिक्षणार्थींचा. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील बहुतेक नवपदवीधर याच वर्गात मोडतात. त्यांचा करार १९६१ च्या अधिनियमाखाली नोंदलेला असेलच असे नाही. त्यामुळे कलम १८ चे संरक्षण मालकाला आपोआप मिळत नाही. वादाची शक्यता सर्वाधिक असते ती याच वर्गाबाबत.

न्यायालयांचे दोन निर्णय

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. पहिला नाशिकच्या त्र्यंबक रबर इंडस्ट्रीजच्या प्रकरणातील असून तो २००३ चा आहे. कारखान्यात काम करणारे सर्वजण प्रशिक्षणार्थी असल्याचे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. कारखान्याचे संपूर्ण उत्पादन केवळ प्रशिक्षणार्थींच्या बळावर चालते, हे न्यायालयाला पटले नाही. नेमणूकपत्रावर कोणतेही नाव असले तरी ही माणसे प्रत्यक्षात कामगारच आहेत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

दुसरा निर्णय २००६ चा असून तो कर्नाटकातील ‘कॅम्पको’ या सुपारी व कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या प्रकरणातील आहे. संस्थेच्या प्रशिक्षणार्थींसाठी भविष्य निर्वाह निधीची वर्गणी भरावी, अशी निधी कार्यालयाची मागणी होती. हे प्रशिक्षणार्थी आदर्श स्थायी आदेशांनुसार शिकाऊ उमेदवार ठरतात, त्यांना विद्यावेतन मिळते आणि नोकरीचा हक्क दिलेला नाही, या कारणांवरून ते ‘कर्मचारी’ नाहीत, असे न्यायालयाने ठरविले.

दोन्ही प्रकरणांत शब्द एकच होता, पण निकाल परस्परविरुद्ध लागले. शिकविणे हाच मुख्य हेतू आहे की प्रशिक्षणाच्या नावाखाली नियमित काम करवून घेतले जात आहे, ही बाब निर्णायक ठरली. म्हैसूरच्या घटनेसारख्या कोणत्याही प्रकरणात हाच निकष प्रथम तपासावा लागतो.

‘ले-ऑफ’ आणि कामगार कपात

वृत्तपत्रांत नोकरी गमावण्याच्या प्रत्येक घटनेला ‘ले-ऑफ’ म्हटले जाते. कायद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांच्या टंचाईमुळे अथवा यंत्रातील बिघाडामुळे मालक हजेरीपटावरील कामगाराला काही काळ काम देऊ शकत नाही, तेव्हा तो ले-ऑफ होय. त्यात नोकरीचा संबंध तुटत नाही.

शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपविणे म्हणजे कामगार कपात. एक वर्ष सलग सेवा, म्हणजे बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. मात्र करारातील स्पष्ट अटीनुसार सेवा संपुष्टात आली, तर ती कपात ठरत नाही. म्हणून परीक्षेची अट करारात कोणत्या शब्दांत लिहिली होती, या मुद्द्याला महत्त्व येते.

कर्नाटकातील विशेष तरतुदी

कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना अधिनियम, १९६१ मध्ये सहा महिने सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण दिलेले आहे. वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, याशिवाय त्याला कामावरून दूर करता येत नाही. रुजू होऊन सहा महिने होण्यापूर्वीच सेवामुक्त झालेल्यांना या तरतुदीचा आधार मिळत नाही. प्रशिक्षणाचा कालावधी आखताना आणि तो वाढविताना मनुष्यबळ विभागाने ही मुदत ध्यानात ठेवावी लागते.

माहिती तंत्रज्ञान उद्योगाला कर्नाटक शासनाने जानेवारी २०१४ मध्ये स्थायी आदेशविषयक कायद्यातून पाच वर्षांची सूट दिली आणि २०१९ मध्ये ती वाढविली. ही सूट बिनशर्त नव्हती. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि मालक व कर्मचारी यांचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती नेमणे बंधनकारक होते. निलंबन, बडतर्फी, सेवासमाप्ती अशा प्रत्येक कारवाईची माहिती कामगार विभागाला देणे आणि विभागाने मागितलेली सेवाशर्तींची माहिती वेळेत पुरविणे, याही अटी होत्या. सूट म्हणजे जबाबदारीतून मुक्तता नव्हे, हे यावरून दिसून येते.

नव्या संहितांमुळे झालेले बदल

म्हैसूरची घटना घडली तेव्हा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ लागू होता. त्यातील ‘कामगार’ या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचाही समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधील व्याख्येतून १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवाराला स्पष्टपणे वगळण्यात आले आहे. कंपनीच्या स्वतःच्या योजनेखालील प्रशिक्षणार्थीला मात्र असे नावानिशी वगळलेले नाही. त्याच्याबाबत निर्णय प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरूनच करावा लागेल.

स्थायी आदेशांची तरतूद आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. २० किंवा अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समिती आवश्यक आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत जमा करण्याची तरतूदही नवी आहे. सेवा संपल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन देण्याचे बंधन वेतन संहितेत आहे, तर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्राबरोबरच संबंधित राज्याचे नियमही पाहणे आवश्यक ठरते.

नाव कोणतेही असो, लागू होणारे हक्क

काही कायद्यांनी पदनामाचा प्रश्नच उरू दिलेला नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात परिविक्षाधीन, प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार या सर्वांचा ‘कर्मचारी’ या व्याख्येत समावेश आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावी लागते. शिकाऊ उमेदवारांनाही आरोग्य, सुरक्षितता आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई यांविषयीच्या तरतुदी लागू आहेत. एकच व्यक्ती एका कायद्याखाली कामगार नसली, तरी दुसऱ्या कायद्याखाली कर्मचारी असू शकते.

मनुष्यबळ विभागाने घ्यावयाची काळजी

प्रशिक्षणार्थींची नेमणूक करताना पुढील बाबींकडे लक्ष देणे हितावह ठरते.

– उमेदवार वर उल्लेखिलेल्या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे नेमणूकपत्रात निःसंदिग्धपणे लिहावे. १९६१ च्या अधिनियमाचा आधार घ्यावयाचा असल्यास कराराची नोंदणी झाली आहे, याची खात्री करावी.

– परीक्षेचा अभ्यासक्रम, उत्तीर्णतेचे निकष, संधींची संख्या आणि अनुत्तीर्ण झाल्यास होणारा परिणाम रुजू होण्यापूर्वीच लेखी कळवावा. निकष मध्येच बदलल्यास सर्वांना समान पूर्वसूचना द्यावी.

– प्रशिक्षणकाळात ग्राहकांचे नियमित काम देणे टाळावे. असे काम दिल्यास ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाचा आधार दुर्बळ होतो.

– हजेरी, वर्गांचे वेळापत्रक, उत्तरपत्रिका आणि गुणपत्रके जपून ठेवावीत. सेवासमाप्तीविषयी कामगाराला दोन वर्षांपर्यंत दाद मागता येत असल्याने किमान तितका काळ ती उपलब्ध असणे इष्ट आहे.

– सेवामुक्तीच्या पत्रात करारातील अटीचा उल्लेख असावा, ठपका ठेवणारी भाषा नसावी. देय रक्कम व प्रमाणपत्रे वेळेत द्यावीत. निवासी केंद्र असल्यास घरी परतण्यासाठी पुरेसा अवधी द्यावा.

प्रशिक्षणार्थींनीही नेमणूकपत्र, कराराची प्रत आणि निकालाविषयीचा पत्रव्यवहार स्वतःजवळ ठेवावा. कोणत्याही राजीनाम्यावर किंवा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर वाचून समजून घ्यावा. शंका असल्यास संबंधित राज्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो.

म्हैसूरच्या घटनेत कायद्याचा भंग झाला नाही, असे राज्याच्या कामगार विभागाचे मत झाले असले, तरी कायद्याचे पालन आणि न्याय्य वागणूक या दोन्ही बाबी महत्त्वाच्या आहेत, हे या घटनेने अधोरेखित केले. निवड झाल्यावर दोन वर्षे वाट पाहिलेल्या तरुणाच्या दृष्टीने ‘प्रशिक्षणार्थी’ आणि ‘कर्मचारी’ यांतील फरक केवळ शब्दांचा नसतो. पुढील नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी काय लिहावयाचे, हेही त्यावरच अवलंबून असते. म्हणूनच हा फरक पहिल्या दिवशीच, लेखी आणि समजेल अशा भाषेत सांगणे, ही मनुष्यबळ विभागाची पहिली जबाबदारी ठरते.