काट्याचा सेन्सर, कॉम्प्युटरचा सेन्सर

शंभर वर्षांपूर्वी रेडिएटरचं झाकण गाडीच्या नाकावर उघडंच असायचं. १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस या अमेरिकन माणसाने त्याच झाकणावर काचेचा थर्मामीटर बसवला. त्याचं नाव बॉइस मोटोमीटर. त्यातला तांबडा द्रव चालकाला बसल्या जागेवरून दिसे. तो वर चढला की गाडी बाजूला घ्यायची. हे यंत्र पाण्याचं नव्हे, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवायचं. त्यामुळे पाणी गळून पातळी उतरली तरी इशारा मिळायचा. फार विचारपूर्वक केलेली रचना होती ती.

१९२० चं दशक संपता संपता झाकण बोनेटखाली गेलं आणि तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला. सुरुवातीच्या अनेक मीटरांना वायर नव्हतीच. इंजिनाच्या हेडमध्ये ईथर भरलेली कुपी, तिथून निघालेली बारीक पोकळ नळी, आणि मीटरच्या आत वळवलेली चपटी नळी. ही वळणदार नळी यूजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्येच दाब मोजण्यासाठी आणली होती. ईथर तापला की दाब वाढे, वळण किंचित सुटे, काटा सरके. मधली नळी तुटली की अख्खा मीटर बाद.

वायरवरच्या मीटरांत पुढे थर्मिस्टर वापरला जाऊ लागला. तापल्यावर त्याचा विद्युतरोध घटतो. मायकेल फॅरडेला हा गुण सिल्व्हर सल्फाइडमध्ये १८३३ मध्येच दिसला होता. गाडीत तो रुळायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

सुरुवातीला तापमान मुख्यतः चालकासाठी मोजलं जात होतं. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा फोक्सवॅगन १६०० मध्ये आली आणि इंजिन किती तापलंय ते पाहून पेट्रोल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवू लागली. ती गाडी हवेने थंड होणारी, म्हणून सेन्सर बसला थेट सिलिंडर हेडवर! पाण्याच्या इंजिनांत तो थर्मोस्टॅटजवळ स्थिरावला.

आपल्याकडे कुर्ल्यात बनलेली कार्ब्युरेटरवाली प्रीमियर पद्मिनी घाट चढायची तेव्हा भिस्त चालकाच्या नजरेवर होती. इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या त्या २००० च्या आगेमागे.

चालकाचा काटा वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक पेटी, म्हणजे कॉम्प्युटर, वेगळा; म्हणूनच त्या पिढीच्या बऱ्याच इंजिनांवर दोन सेन्सर सापडतात. एका वायरचा सहसा काट्याचा, दोन वायरींचा कॉम्प्युटरचा. गोंधळ नेमका इथे होतो. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, काळा धूर टाकते, पेट्रोल जास्त पिते. काटा मात्र जागच्या जागी. मग सेन्सरवरचा संशय फिटतो आणि पंप, प्लग उगाच बदलले जातात. पुढे पुष्कळ गाड्यांत एकच सेन्सर उरला, काटासुद्धा कॉम्प्युटरच हलवू लागला.

खात्री मल्टिमीटरने होते. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना सुमारे तीनशे. आकडे गाडीगणिक बदलतात, पण गरम पाण्यात बुडवल्यावर रोध उतरायलाच हवा.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना कूलंट दाबाखाली असतो, झाकण उघडलं तर हात भाजतो. थोडा कूलंट काढायचा, कपलर सोडवायचा, जुना सेन्सर पान्याने फिरवून बाहेर घ्यायचा. नवा नव्या वॉशरसह बसवायचा, तोही बेताने आवळून, कारण घर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढायची. सेन्सरच्या टोकाशी बुडबुडा अडकला तर नवा सेन्सरही चुकीचं तापमान सांगतो.